एमएम कार्ट्रिजसाठी कमी नॉइजचा फोनो प्रीॲम्प्लिफायर : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

मूव्हिंग मॅग्नेट (एमएम) कार्ट्रिजसाठी, म्हणजे सुईची हालचाल विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा जो भाग आपल्याकडच्या बहुतेक टर्नटेबलवर असतो त्याच्यासाठी, शक्य तितक्या कमी नॉइजचा फोनो प्रीॲम्प्लिफायर तयार करायचा आहे. अट अशी की मूळ आराखड्यातला प्रत्येक भाग पुण्यात तापकीर गल्लीत किंवा फार तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळाला पाहिजे, कारण हा आराखडा पुढे इतर रेकॉर्डप्रेमींनी स्वतःच्या हाताने जोडायचा आहे आणि परदेशातून मागवलेल्या एका आयसीवर सगळ्यांचे काम अडून राहू नये. संदर्भासाठी ऑडिओ टेक्निकाचे व्हीएम ९५ ई हे कार्ट्रिज धरले आहे. त्याचे आउटपुट ४ मिलिव्होल्ट, कॉइलचा डीसी रोध ४८५ ओहम आणि इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री आहे.

प्रीॲम्प्लिफायरने दोन कामे करायची असतात. एक म्हणजे हा क्षीण सिग्नल वाढवणे, आणि दुसरे म्हणजे रेकॉर्ड कापताना केलेला बदल उलटा फिरवणे. कापताना खर्ज दाबलेला असतो, नाहीतर खोबणी शेजारच्या खोबणीत शिरेल. आणि वरचे स्वर उचललेले असतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की पृष्ठभागाची खरखरही त्यांच्याबरोबर खाली येते. १९५४ पासून रूढ झालेल्या, आरआयएए या अमेरिकन रेकॉर्ड उद्योग संघटनेच्या मानकात त्यासाठी ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद असे तीन कालांक (उतार कोणत्या फ्रिक्वेन्सीला वळतो ते सांगणारे आकडे) ठरवलेले आहेत. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला १९.३ डेसिबल जास्त आणि २० किलोहर्ट्झला १९.६ डेसिबल कमी असा हा उतार आहे.

९ जानेवारी २०२५

आज फक्त नॉइजचा हिशेब केला. आयसी निवडण्याआधी तो करणे आवश्यक आहे, कारण या विषयात डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा व्होल्टेज नॉइजचा आकडा पाहून आयसी ठरवण्याची पद्धत फार बोकाळली आहे आणि एमएम कार्ट्रिजच्या बाबतीत ती दिशाभूल करणारी आहे.

कार्ट्रिजला ४७ किलोओहमचा लोड द्यावा लागतो. या रेझिस्टरला स्वतःचा औष्णिक नॉइज आहे. खालच्या फ्रिक्वेन्सीला कार्ट्रिजची कॉइल त्याला जवळजवळ शॉर्ट करून टाकते, त्यामुळे तो ऐकू येत नाही. पण कॉइल म्हणजे इंडक्टर, आणि फ्रिक्वेन्सी वाढली की तिचा विरोध वाढत जातो. १ किलोहर्ट्झला ५५० मिलिहेन्रीचा विरोध सुमारे ३.५ किलोओहम असतो, तर १० किलोहर्ट्झला तो ३४.६ किलोओहम होतो. ४७ किलोओहमशी समांतर धरले तर १० किलोहर्ट्झला आयसीच्या इनपुटला दिसणाऱ्या इम्पीडन्सचे (एकूण विरोधाचे) मान सुमारे २८ किलोओहम येते आणि त्याचा रोधात्मक भाग सुमारे १६.५ किलोओहम येतो. पुण्याच्या साधारण तापमानाला, म्हणजे २७ अंश सेल्सिअसला, या भागाचा औष्णिक नॉइज १६.५ नॅनोव्होल्ट प्रति √हर्ट्झ होतो. कोणताही आयसी लावला, अगदी आदर्श आयसी लावला, तरी साध्या ४७ किलोओहमच्या रेझिस्टरसह याच्या खाली जाता येत नाही.

आता यावर आयसीचा नॉइज चढवायचा. आयसीचा व्होल्टेज नॉइज आहे तसा मिळतो, पण करंट नॉइजला या २८ किलोओहमने गुणावे लागते, आणि खरी मेख इथेच आहे. एनई ५५३४ ए चा व्होल्टेज नॉइज ३.५ नॅनोव्होल्ट आणि करंट नॉइज ०.४ पिकोॲम्पिअर आहे. गुणाकार केला तर ११ नॅनोव्होल्ट येतात आणि औष्णिक नॉइजसह तिन्हींच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढले की एकूण २०.२ होतात. एनई ५५३२ चे आकडे ५ आणि ०.७ आहेत, त्याची बेरीज २६ होते. एलटी १०२८ हा व्होल्टेज नॉइजचा राजा, ०.८५ नॅनोव्होल्टचा, पण त्याचा करंट नॉइज १ पिकोॲम्पिअर असल्याने एकूण आकडा ३२.४ वर जातो. म्हणजे हा महागडा आयसी इथे शेवटून पहिला येतो, आणि वर तो एकच्या गेनला, म्हणजे सिग्नल न वाढवता, स्थिरही नाही. ओपीए १६५६ ची इनपुट ट्रान्झिस्टर फेट जातीची, म्हणजे इनपुटमधून जवळजवळ करंट न घेणारी, असल्याने करंट नॉइज ६ फेम्टोॲम्पिअर, म्हणजे इथे नगण्य आहे. १० किलोहर्ट्झला त्याचा व्होल्टेज नॉइज २.९ धरला तर एकूण १६.७ येतात, म्हणजे जवळजवळ तळच गाठला.

१ किलोहर्ट्झला मात्र हे चित्र पार सपाट होते. तिथे कार्ट्रिज आणि लोड मिळून औष्णिक नॉइज ३.५ नॅनोव्होल्ट आहे आणि चारही आयसींची बेरीज पाच ते साडेसहाच्या आत बसते. शिवाय १० किलोहर्ट्झला आरआयएए उतार १३.७ डेसिबलने खाली असल्यामुळे वरच्या टोकाचा फरक कानापर्यंत येईतो बराच विरघळतो. हे दोन्ही लक्षात घेऊन मूळ आराखडा एनई ५५३४ ए वर ठरवतो आणि ओपीए १६५६ साठी वेगळी पाटी (सर्किट बोर्ड) ठेवतो. ५५३४ हा १९७० च्या दशकातला आयसी आहे, पण त्याच्या डिझायनरांनी व्होल्टेज आणि करंट यांचा जो तोल साधला तो एमएम कार्ट्रिजला आजही चपखल बसतो.

१२ जानेवारी २०२५

४७ किलोओहमचा नॉइजच कमी करता येईल का, हाही विचार केला. एक मार्ग असा की १ मेगाओहमचा रेझिस्टर घ्यायचा आणि त्याचे दुसरे टोक उलट्या, सुमारे वीसपट वाढवलेल्या सिग्नलने हलवायचे. कार्ट्रिजला तो ४७ किलोओहमसारखाच भासतो, पण त्याचा नॉइज करंट ०.५९ ऐवजी ०.१३ पिकोॲम्पिअर एवढाच असतो. युक्ती देखणी आहे. तरीही ती घेत नाही, कारण चांगल्या, स्वच्छ धुतलेल्या रेकॉर्डच्या खोबणीचाच नॉइज या सगळ्याच्या बराच वर असतो आणि प्रत्येक चॅनेलला आणखी एक आयसी वाढवून जोडणाऱ्याची डोकेदुखी वाढवावी एवढा फायदा त्यात नाही. सुई उचलून, आवाज पूर्ण वाढवून स्पीकरला कान लावणाऱ्यांसाठी ती ठीक आहे, आणि असे लोक आपल्यात कमी नाहीत.

१८ जानेवारी २०२५

खरेदी. रेझिस्टर सर्व १ टक्क्याचे मेटल फिल्म घेतले. आरआयएए उतार घडवणाऱ्या कपॅसिटरसाठी पॉलिस्टायरीन मिळतात का ते विचारले, तर दुकानदार म्हणाले, "पॉलिस्टायरीन आता कुठं मिळतंय साहेब, पॉलिप्रॉपिलीन घेऊन जा." पॉलिप्रॉपिलीन चालतात, नव्हे, उत्तमच चालतात. पॉलिएस्टर मात्र या जागी टाळावेत, आणि एक्स ७ आर जातीचे सिरॅमिक तर मुळीच वापरू नयेत, कारण त्यांची क्षमता व्होल्टेजबरोबर बदलते आणि त्यांना टिचकी मारली तरी ती आउटपुटला ऐकू येते. लहान मूल्यांसाठी सीओजी जातीचे सिरॅमिक निर्धोक आहेत.

कपॅसिटर ५ टक्क्यांचे असल्याने जास्त नग घेऊन, खरे मूल्य दाखवणाऱ्या एलसीआर मीटरवर जोड्या लावल्या. डाव्या-उजव्या चॅनेलची मूल्ये एकमेकांशी जुळणे हे छापील मूल्याशी जुळण्यापेक्षा महत्त्वाचे आहे, कारण दोन्ही चॅनेल सारखेच चुकले तर स्वराचा पोत किंचित बदलतो, पण वेगवेगळे चुकले तर गायकाची जागा हलते.

१९ जानेवारी २०२५

आरआयएए जाळे (रेझिस्टर-कपॅसिटरांची जोडणी) फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटकडून आयसीच्या इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेत, ठेवले आहे. आर१ आणि सी१ समांतर, त्यांच्याशी एकसरीत आर२ आणि सी२ समांतर, आणि इन्व्हर्टिंग इनपुटपासून जमिनीकडे (ग्राउंडकडे) आर०. रूढ सूत्र असे की आर१ × सी१ = ३१८०, आर२ × सी२ = ७५ मायक्रोसेकंद, आणि मधला ३१८ चा कालांक मिळावा म्हणून आर१ हा आर२ च्या ११.७८ पट. ऑडिओ संशोधक स्टॅनली लिपशिट्झ यांनी १९७९ मध्ये या जाळ्यांचे गणित नीट मांडले, तोपर्यंत बाजारातल्या कित्येक ॲम्प्लिफायरमधली ही मूल्ये चुकलेली असत.

या सूत्रात जाळ्याचा इम्पीडन्स आणि आर० यांचे गुणोत्तर म्हणजेच गेन असे गृहीत धरले जाते. नॉन-इन्व्हर्टिंग स्टेजमध्ये मात्र गेन त्याहून एकने जास्त असतो. त्या एकमुळे वरच्या टोकाला गेन एकच्या खाली जाऊ शकत नाही, ही गोष्ट सर्वांना माहीत असते आणि आउटपुटला एक लहान आरसी फिल्टर लावून ती दुरुस्तही केली जाते. तोच 'एक' मधला कालांकही सरकवतो, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. आर० २२० ओहम, आर१ ८८.३३ किलोओहम आणि आर२ ७.५ किलोओहम घेऊन पूर्ण समीकरण सोडवले, तर ३१८ च्या जागी ३२३ मायक्रोसेकंद येतात. १ किलोहर्ट्झशी तुलना केली तर खर्ज सुमारे ०.११ डेसिबलने खाली बसतो. फार नाही, पण एक टक्क्याचे रेझिस्टर आणि जुळवलेले कपॅसिटर घेऊन ही चूक गणितातच शिल्लक ठेवणे योग्य नव्हे.

अज्ञातांची मांडणी करून आर२ साठी सोडवले तेव्हा उत्तर अनपेक्षितपणे सुटसुटीत निघाले. आर१ मधून आर० ची नऊपट वजा करायची आणि मग ११.७८ ने भागायचे, बस्स. तो नऊ अंदाजे नाही, अगदी पूर्णांक नऊ आहे, कारण तिन्ही कालांकांच्या बेरीज-वजाबाकीतून उरणारे २१८७ आणि २४३ हे दोन आकडे एकमेकांच्या नेमके नऊपट आहेत.

आता मूल्ये. सी१ साठी ३३ आणि ३.३ नॅनोफॅरड समांतर, म्हणजे ३६.३ नॅनोफॅरड. त्यावरून आर१ ८७.६ किलोओहम, जो ८२ आणि ५.६ किलोओहम एकसरीत जोडून नेमका मिळतो. सूत्रानुसार आर२ ७.२७ किलोओहम येतो, आणि तोही ६.८ किलोओहम अधिक ४७० ओहम असा जुळतो. सी२ साठी १० नॅनोफॅरड आणि ३३० पिकोफॅरड समांतर, गुणाकार ७५.१ मायक्रोसेकंद. कोणत्याही गल्लीत मिळणाऱ्या मूल्यांतून एवढे अचूक जाळे जमावे, हा निव्वळ योग आहे आणि तो हातचा सोडण्यात अर्थ नाही. १ किलोहर्ट्झला गेन ४३.७ पट, म्हणजे ३२.८ डेसिबल. वरच्या टोकाची दुरुस्ती १.७३ मायक्रोसेकंदांची हवी. त्यासाठी आउटपुटला १ किलोओहम अधिक १५० ओहम एकसरीत आणि जमिनीकडे १.५ नॅनोफॅरड.

आर० २२० ओहमच का, तर त्याचा स्वतःचा नॉइज १.९ नॅनोव्होल्ट आहे आणि तो आयसीच्या ३.५ च्या पुरेसा खाली राहतो. तो आणखी कमी केला तर जाळ्यातले सगळे इम्पीडन्स त्याच प्रमाणात उतरतात आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला आयसीला ते ओढणे जड जाते. आर० च्या एकसरीत १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आहे, त्यामुळे डीसी गेन एकच राहतो आणि २० हर्ट्झला काही जाणवत नाही.

२५ जानेवारी २०२५

पाटी जोडली. ५५३४ च्या ५ आणि ८ क्रमांकाच्या पिनांमध्ये २२ पिकोफॅरड लावणे इथे अनिवार्य आहे. हा आयसी तिनाच्या खालच्या गेनला त्याशिवाय स्थिर राहत नाही, आणि आपला गेन ९२ किलोहर्ट्झच्या पुढे एककडे झुकतो. 'फोनोमध्ये गेन तर भरपूर आहे' असे म्हणून हा कपॅसिटर वगळलेले आराखडे फिरत असतात. ते ऑसिलोस्कोपवर पाहावेत.

इनपुटच्या एकसरीतला कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरडचा, नॉनपोलर आहे. तो एवढा मोठा पाहून कोणी बिचकू नये. १ मायक्रोफॅरडचा घेतला असता तरी फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स ठीकच राहिला असता, पण २० हर्ट्झला त्याचा विरोध ८ किलोओहम होतो आणि तिथे आयसीचा करंट नॉइज पुन्हा डोके वर काढतो.

इनपुटला जमिनीकडे फक्त ४७ पिकोफॅरड ठेवले आहेत. ५५० मिलिहेन्रीला २०० पिकोफॅरड मिळाले तर १५.२ किलोहर्ट्झला अनुनाद होतो, ३०० मिळाले तर तो १२.४ वर उतरतो आणि 'स'कार टोचू लागतात. टोनआर्मची तार आणि केबल मिळून शंभर-दीडशे पिकोफॅरड आधीच खर्ची पडलेले असतात, म्हणून पाटीवर काटकसर करावी.

२ फेब्रुवारी २०२५

पॉवर सप्लाय आणि हम, म्हणजे विजेच्या लाइनमधून येणारी घूं. ५० हर्ट्झला आरआयएए उतार १ किलोहर्ट्झपेक्षा १७ डेसिबल वर आहे, म्हणजे तिथे एकूण गेन जवळजवळ ५० डेसिबल. आयसीच्या नॉइजमधला एखादा डेसिबल वाचवण्यासाठी केलेली सगळी आकडेमोड ट्रान्सफॉर्मर चुकीच्या जागी बसवला की क्षणात वाया जाते.

हम कुठून येतो हे आधी त्याच्या फ्रिक्वेन्सीवरून ओळखावे. संगणकावर स्पेक्ट्रम पाहिला आणि १०० हर्ट्झ व त्याच्या पटी उंच दिसल्या, तर दोष रेक्टिफायर आणि फिल्टर कपॅसिटरच्या ग्राउंडच्या वाटेत असतो. चार्जिंगचा करंट सिग्नलच्या ग्राउंडमधून वाहतो आहे असे समजावे. फक्त ५० हर्ट्झ उंच असेल, तर ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र थेट कार्ट्रिजमध्ये किंवा इनपुटच्या तारांच्या वेढ्यात शिरते आहे. इथे टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर वेगळ्या पेटीत ठेवले, आणि एलएम ३१७ व एलएम ३३७ चे ±१५ व्होल्टचे रेग्युलेटर प्रीॲम्प्लिफायरच्या पेटीत. ट्रान्सफॉर्मरची पेटी हाताने फिरवत स्क्रीनवरचा ५० हर्ट्झचा काटा पाहिला, तर एका कोनात तो स्पष्टपणे बुडतो. त्याच कोनाला पेटीवर खूण केली आहे.

घरातल्या सॉकेटच्या तिसऱ्या पिनला खरोखर अर्थिंग आहे का, हे प्रत्येकाने इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. जुन्या वाड्यांत आणि कित्येक सोसायट्यांतही ती पिन नुसती शोभेची असते. हम घालवण्यासाठी अर्थ तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो अजिबात मानू नये. टर्नटेबलची बारीक हिरवी तार पेटीच्या ग्राउंड स्क्रूला जोडणे हा त्यासाठीचा योग्य मार्ग आहे.

८ फेब्रुवारी २०२५

मापन. इनपुट शॉर्ट करून नॉइज मोजण्याची प्रथा सोयीची असली तरी एमएमसाठी निरुपयोगी आहे, कारण शॉर्ट केले की करंट नॉइजला गुणायला इम्पीडन्सच उरत नाही आणि एलटी १०२८ सारखा आयसी परीक्षेत अव्वल ठरतो. म्हणून खरे कार्ट्रिज जोडून, ते बिस्किटाच्या लोखंडी डब्यात बंद करून आणि डबा ग्राउंडला जोडून मोजले. १० किलोहर्ट्झच्या आसपास ५५३२ आणि ५५३४ ए यांच्यात सुमारे २ डेसिबलचा फरक दिसला. हिशेबाने तो २.२ यायला हवा होता. ओपीए १६५६ ची पाटी आणखी दीड डेसिबल खाली गेली. शंभर हर्ट्झच्या खाली मात्र तिची रेषा ५५३४ ए च्या वर राहते, फेट इनपुटच्या आयसीकडून अपेक्षित असल्याप्रमाणे. सुई उचलून, नेहमी ऐकतो त्या आवाजाला, खोलीतल्या माझ्या खुर्चीवरून ५५३४ ए आणि १६५६ यांत मला फरक सांगता आला नाही. ५५३२ चा सांगता आला, तोही पंखा बंद केल्यावर.

उलट आरआयएए जाळ्यातून सिग्नल देऊन रिस्पॉन्स घेतला. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ दरम्यान दोन्ही चॅनेल ±०.१५ डेसिबलच्या आत आहेत. पहिल्या टप्प्याची ओव्हरलोडची मर्यादा १ किलोहर्ट्झला सुमारे २१५ मिलिव्होल्ट, म्हणजे ४ मिलिव्होल्टच्या वर साडेचौतीस डेसिबल. चरा पडलेल्या रेकॉर्डवरच्या 'टक्' आवाजाला ही जागा लागते. जो प्रीॲम्प्लिफायर त्या टक्वर क्षणभर गुदमरतो, त्याच्यावर जुन्या रेकॉर्ड आहेत त्याहून जास्त खराब वाटतात.

दुसऱ्या टप्प्यात तिप्पट गेन आणि २० हर्ट्झचा तिसऱ्या दर्जाचा हायपास, म्हणजे त्याखालचे सगळे कापणारा फिल्टर, दिला आहे. १० हर्ट्झला तो १८ डेसिबल कापतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आडव्या रचून ठेवलेल्या रेकॉर्ड वाकलेल्या असतातच. वूफरचा पडदा विनाकारण आत-बाहेर डोलू नये म्हणून ही सोय.

१६ फेब्रुवारी २०२५

डेनॉन डीएल १०३ साठी हीच पाटी चालेल का, अशी विचारणा झाली. हे मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज आहे, आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट, इम्पीडन्स ४० ओहम. ४० ओहमचा औष्णिक नॉइज फक्त ०.८ नॅनोव्होल्ट असल्याने ५५३४ चे ३.५ त्याला झाकून टाकतात, म्हणून थेट जोडू नये. एलटी १०२८ चे स्थान नेमके इथे आहे. किंवा १:१० चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावावा. त्याने सिग्नल ३ मिलिव्होल्ट होतो, ४० ओहम ४ किलोओहमसारखे दिसतात, त्यांचा नॉइज ८ नॅनोव्होल्टवर चढतो आणि मग ५५३४ त्याच्या सावलीत जातो. चांगला ट्रान्सफॉर्मर महाग असतो, हे आहेच.

२३ फेब्रुवारी २०२५

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी स्विच. बालगंधर्व किंवा हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्या आरआयएएवर वाजवल्या तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो, कारण त्या कापताना वरचे स्वर उचललेलेच नव्हते आणि आपण मात्र ते दाबतो. १९२५ नंतरच्या, युरोपीय पद्धतीने कापलेल्या इलेक्ट्रिक तबकड्यांना साधारणपणे २५० हर्ट्झचा टर्नओव्हर (ज्याखाली खर्ज दाबलेला असतो ती फ्रिक्वेन्सी) आणि वरती सपाट असा उतार जवळचा बसतो. त्यासाठी मधला कालांक ६३६ मायक्रोसेकंद हवा आणि ७५ चा नको. हिशेब केल्यावर आर२ २१.६८ किलोओहम येतो, म्हणजे सध्याच्या ७.२७ मध्ये १४.४ किलोओहमची भर घालायची आणि सी२ काढून टाकायचा.

स्विच असा लावला आहे की १४.४ किलोओहम, म्हणजे १२ अधिक २.४, कायमचे एकसरीत असतात आणि एलपीच्या स्थितीत स्विच त्यांना शॉर्ट करतो. दुसरा पोल सी२ जोडतो. फिरवताना फीडबॅक एक क्षणही उघडा पडत नाही, त्यामुळे स्पीकरमध्ये धडाका होत नाही. ७८ च्या स्थितीत १ किलोहर्ट्झचा गेन ४० डेसिबल होतो आणि पहिल्या टप्प्याची ओव्हरलोडची मर्यादा सुमारे ९२ मिलिव्होल्टवर उतरते, म्हणून व्हॉल्यूम आधी खाली आणावा. सुई ३ मिलची (०.००३ इंचाची) वापरावी. एलपीची बारीक सुई या खोबणीच्या तळाशी घासत राहते आणि मग खरखरीचा दोष प्रीॲम्प्लिफायरवर येतो. या तबकड्या मोनो असल्याने कार्ट्रिजचे दोन्ही चॅनेल एकत्र केले की सुईच्या उभ्या हालचालीतून येणारा नॉइज बराचसा कटतो. त्यासाठी दुसऱ्या टप्प्यानंतर वेगळा मोनो स्विच दिला आहे. पुढच्या पाट्या या दोन्ही स्विचच्या जागांसह आणि ५५३४ व १६५६ अशा दोन्ही मांडण्यांत कापायला दिल्या आहेत.